ड्युअल बूट संगणकावर दडलेला ड्राइव्ह उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्या, की आज ना उद्या एक अडचण येतेच: एका बाजूने व्यवस्थित दिसणारा ड्राइव्ह दुसऱ्या बाजूने गायब असतो, किंवा दिसतो पण उघडत नाही. खालील उत्तरे विंडोज १० किंवा ११ आणि उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारखे प्रचलित लिनक्स गृहीत धरून लिहिली आहेत. ज्यांच्या ड्राइव्हमध्ये महत्त्वाचा डेटा आहे त्यांनी पहिले दोन प्रश्न वगळू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. या कामात मूळ अडचणीपेक्षा घाईघाईने केलेली दुरुस्तीच अधिक नुकसान करते.

ड्राइव्ह दडलेला आहे म्हणजे नेमके काय झालेले असते?

बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या तक्रारीमागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पहिल्या प्रकारात ऑपरेटिंग सिस्टिमला पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिसते, पण त्यावरची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) तिला वाचता येत नाही. लिनक्सचे ईएक्सटी ४ पार्टिशन विंडोजमध्ये न उघडणे हे याचे नेहमीचे उदाहरण. दुसऱ्या प्रकारात फाइल सिस्टिम ओळखीची असते, पण पार्टिशनला विंडोजमध्ये अक्षर किंवा लिनक्समध्ये माउंट करण्याची, म्हणजे फोल्डरसारखी जोडण्याची, जागा मिळालेली नसते. तिसऱ्या प्रकारात ड्राइव्ह अडवून धरलेला असतो: एक तर विंडोज पूर्णपणे बंद झालेले नसते, किंवा ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असतो. चौथ्या प्रकारात संपूर्ण डिस्कच त्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचत नाही, कारण बायोसमधले (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधले) सेटिंग, डिस्कची ऑफलाइन अवस्था किंवा खराब झालेली केबल मध्ये येते.

पहिल्या तीन प्रकारांत डेटा जागेवर सुरक्षित असतो, हे आधी लक्षात घ्यावे. त्यामुळे आपली तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित होईपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही, एवढीच दक्षता पुरेशी आहे.

सुरुवात करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठा धोका एका साध्या संदेशात आहे. लिनक्सच्या पार्टिशनला विंडोजमध्ये अक्षर दिले आणि त्या अक्षरावर क्लिक केले, की हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, असे सांगणारी छोटी चौकट समोर येते. तिच्यात दोन बटणे असतात, आणि त्यांतले फॉरमॅटचे बटण दाबावे असेच त्या वाक्याच्या रोखामुळे वाटते. विंडोजला एवढेच म्हणायचे असते की या पार्टिशनवरची फाइल सिस्टिम आपल्याला ओळखता येत नाही. ड्राइव्ह रिकामा किंवा खराब आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. इथे नेहमी रद्द करण्याचे बटण दाबावे आणि दिलेले अक्षर काढून टाकावे. जलद फॉरमॅटसुद्धा पार्टिशनवर नवी रचना लिहून टाकते, आणि एसएसडीवर तर फॉरमॅटबरोबर ट्रिमची, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागा पुसून टाकण्याची, सूचनाही जाऊ शकते. तसे झाल्यास जुना डेटा परत मिळण्याची शक्यता जवळजवळ संपते.

दुसरी काळजी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या एनक्रिप्शनची. संगणकावर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन सुरू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवून कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर लिहून ठेवावी. बायोसमधले एखादे सेटिंग बदलले तरी पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकते. तिसरी गोष्ट म्हणजे बॅकअप: ज्या बाजूने ड्राइव्ह उघडतो आहे, त्या बाजूने महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच पुढचे प्रयोग करावेत.

विंडोजमध्ये न दिसणारा ड्राइव्ह कुठे शोधावा?

फाइल एक्सप्लोररमध्ये केवळ अक्षर मिळालेले ड्राइव्ह दिसतात, त्यामुळे तिथे शोधण्यात अर्थ नाही. स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते आणि तिच्यावर पार्टिशन ओळीने मांडलेली असतात. नेहमीच्या ड्युअल बूट संगणकावर डावीकडे बहुधा १०० एमबीच्या आसपासचे ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचे) पार्टिशन असते, त्याच्या शेजारी एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) असे स्पष्ट लिहिलेला सी ड्राइव्ह असतो, काही शे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन असते, आणि मग एखादा मोठा चौकोन असतो ज्याच्यावर आकार लिहिलेला असतो, प्रकृती ठीक असल्याचेही लिहिलेले असते, पण फाइल सिस्टिमचे नाव नसते. हा बिननावाचा चौकोन म्हणजे बहुतेक वेळा तुमचे लिनक्स.

चौकोनावर एनटीएफएस लिहिलेले असून केवळ अक्षर नसेल, तर प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे आणि पुढच्या उत्तरात तो सुटेल. पट्टीच्या डाव्या टोकाला डिस्क ऑफलाइन असल्याचे दिसत असेल, तर तिथेच उजवे क्लिक करून ती ऑनलाइन करता येते. क्लोन केलेल्या दोन डिस्क एकाच वेळी जोडल्यास त्यांची ओळखचिन्हे सारखी निघतात आणि विंडोज त्यांतली एक ऑफलाइन ठेवते. काळ्या पट्टीखाली अनअलोकेटेड असे लिहिलेले दिसल्यास मात्र कशालाही हात न लावता थेट हरवलेल्या पार्टिशनच्या प्रश्नाकडे जावे.

एनटीएफएस ड्राइव्ह असूनही विंडोज त्याला दाखवत नाही. असे का?

बहुतेक वेळा अक्षर नसणे एवढेच कारण असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या चौकोनावर उजवे क्लिक करून ड्राइव्हचे अक्षर बदलण्याचा पर्याय निवडावा आणि मोकळे अक्षर द्यावे. एकाच संगणकावर दोन विंडोज असतील, तर प्रत्येक विंडोज आपली अक्षरे आपल्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) स्वतंत्रपणे ठेवते. म्हणून एकीकडचा डी ड्राइव्ह दुसरीकडे ई असणे किंवा बिनअक्षराचा असणे स्वाभाविक आहे.

अक्षर देऊनही ते पुढच्या वेळी नाहीसे होत असेल, तर पार्टिशनवरच खूण केलेली असण्याची शक्यता आहे. जीपीटी या, पार्टिशनच्या नोंदी ठेवण्याच्या नव्या, पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनच्या नोंदीत ६४ बिटांची गुणधर्मांची जागा असते. विंडोजच्या डेटा पार्टिशनच्या बाबतीत तिच्यातला ६२ क्रमांकाचा बिट पार्टिशन लपवण्यासाठी आणि ६३ क्रमांकाचा बिट आपोआप अक्षर न देण्यासाठी वापरला जातो. जुन्या एमबीआर पद्धतीत हेच काम पार्टिशनच्या प्रकाराचा आकडा बदलून होत असे: एनटीएफएसचा सोळाआधारी ०७ हा आकडा १७ केला, की विंडोज त्या पार्टिशनकडे पाहत नसे. काही जुने बूट मॅनेजर दोन विंडोज एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी असे मुद्दाम करत.

जीपीटीवरची ही खूण काढण्यासाठी प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट हे विंडोजचे साधन चालवावे. ‘लिस्ट व्हॉल्यूम’ लिहून यादी पाहावी, ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ लिहून पुढे योग्य क्रमांक द्यावा, मग केवळ ‘ॲट्रिब्यूट्स व्हॉल्यूम’ लिहून सध्याची अवस्था वाचावी. लपवण्याची खूण लावलेली दिसल्यास ‘ॲट्रिब्यूट्स व्हॉल्यूम क्लिअर हिडन’ ही कमांड ती काढते, आणि आपोआप अक्षर न देण्याची खूण असल्यास शेवटच्या शब्दाच्या जागी ‘नोडिफॉल्टड्राइव्हलेटर’ असे जोडून लिहावे. (या कमांड टंकताना अर्थातच रोमन लिपी वापरायची आहे.) एमबीआर डिस्कवर हे गुणधर्म एका पार्टिशनला नव्हे, तर त्या डिस्कवरच्या सर्व व्हॉल्यूमना लागू होतात, हे ध्यानात ठेवावे. डिस्कपार्ट हे साधन विश्वासार्ह आहे, पण निर्दय आहे: त्यातली ‘क्लीन’ ही कमांड निवडलेल्या डिस्कची संपूर्ण पार्टिशनची नोंद कोणतीही खात्री न करता पुसते. क्रमांक दोनदा वाचल्याशिवाय एंटर दाबू नये.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर दिसते पण एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह नाही, अशी अवस्था असेल, तर रजिस्ट्रीत नोड्राइव्ह्ज हे धोरण कोणी लावले आहे का ते पाहावे. त्यात ए साठी १, बी साठी २, सी साठी ४, डी साठी ८ असे आकडे दुप्पट होत जातात आणि लपवायच्या ड्राइव्हच्या आकड्यांची बेरीज तिथे लिहिलेली असते. कार्यालयीन संगणकावर ते लावलेले आढळले, तर ते व्यवस्थापकांच्या परवानगीशिवाय काढू नये.

लिनक्सच्या ईएक्सटी ४ पार्टिशनमधील फाइली विंडोजमधून मिळवता येतील का?

मिळवता येतील, पण त्यासाठी विंडोजमध्ये अंगभूत सोय फार मर्यादित आहे. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवलेले असेल, तर ‘डब्ल्यूएसएल’ या कमांडला ‘माउंट’ हा पर्याय जोडून एखादी संपूर्ण डिस्क तिच्याकडे सोपवता येते आणि तिच्यावरचे ईएक्सटी ४ पार्टिशन मग एक्सप्लोररच्या लिनक्स या नोंदीखाली उघडते. अडचण अशी, की या मार्गाने संपूर्ण डिस्कच जोडावी लागते, आणि ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती जोडता येत नाही. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर असेल तर ही पद्धत उत्तम चालते. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली बसवल्या असतील, तर ती निरुपयोगी आहे. शिवाय केवळ वाचण्यापुरती डिस्क जोडण्याचा सर्वसाधारण पर्याय इथे चालत नाही, म्हणजे लिहिण्याची मुभाही मिळते. लिनक्स हायबरनेट करून (चालू अवस्था डिस्कवर साठवून बंद करून) ठेवलेले असेल तर त्याच्या पार्टिशनला या मार्गाने कधीही हात लावू नये.

एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली असतील, तर केवळ वाचणारी साधने वापरावीत; डिस्कइंटर्नल्सचे लिनक्स रीडर हे त्यांपैकी एक. अशा साधनातून फाइल निवडून ती विंडोजच्या फोल्डरमध्ये उतरवता येते आणि मूळ पार्टिशनवर काहीही लिहिले जात नाही. एक्स्टटूएफएसडी या जुन्या ड्रायव्हरची शिफारस अजूनही ऐकू येते. त्याची ०.६९ ही आवृत्ती २०१७ मधली आहे, ईएक्सटी ४ मध्ये त्यानंतर रूढ झालेली सर्व वैशिष्ट्ये त्याला झेपतील याची खात्री नाही, आणि तो लिहूही शकतो. म्हणून तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे सांगायचे तर, हे काम वरचेवर करावे लागत असेल, तर लिनक्स सुरू करून हव्या त्या फाइली सामाईक पार्टिशनवर उतरवणे हाच सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे.

लिनक्समध्ये विंडोजचा ड्राइव्ह दिसतो, पण उघडत नाही किंवा त्यात काही लिहिता येत नाही. कारण काय?

ड्युअल बूटच्या तक्रारींत ही सर्वांत नेहमीची, आणि तिचे मूळ बहुधा विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये असते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा स्मृतीतून उचलून सी ड्राइव्हवरील हायबरफिल डॉट सिस या फाइलीत ठेवला जातो, आणि पुढच्या वेळी तिथूनच परत आणला जातो. त्या गाभ्यात एनटीएफएस ड्राइव्हविषयीची माहितीही असते: कोणत्या जागा मोकळ्या आहेत, कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे. विंडोज असे अर्धवट निजलेले असताना लिनक्सने त्याच ड्राइव्हवर चार फाइली लिहिल्या, तर जागे झालेले विंडोज जुन्या माहितीवर विसंबून त्यांच्यावरच दुसरे काही लिहू शकते. लिनक्स म्हणून ड्राइव्ह उघडण्यास नकार देते, किंवा केवळ वाचण्यापुरता उघडते. तो नकार तुमच्या डेटाच्या संरक्षणासाठी आहे. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या शोधू नयेत.

योग्य उपाय विंडोजमध्ये जाऊन करायचा आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करते या दुव्याखाली, फास्ट स्टार्टअपची खूण काढावी. ती फिकी दिसत असेल तर आधी सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदलण्याचा दुवा दाबावा. हायबरनेशन मुळातच नको असेल, तर प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, त्यापुढे तिरपी रेघ व एच, आणि शेवटी ‘ऑफ’ असे लिहिल्यास ती फाइलच नाहीशी होते आणि बरीच जागाही मोकळी होते. तात्पुरते काम असेल तर विंडोजमध्ये शट डाउनऐवजी रीस्टार्ट निवडावे, कारण रीस्टार्टमध्ये गाभा जतन केला जात नाही. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केल्यासही विंडोज पूर्ण बंद होते. मोठे अपडेट झाल्यावर हे सेटिंग पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

सी ड्राइव्ह लिनक्समधून उघडायचाच नाही, मग हे कशाला, असे काहींना वाटते. परंतु फास्ट स्टार्टअपचा परिणाम त्या वेळी विंडोजने उघडलेल्या इतर एनटीएफएस ड्राइव्हवरही होतो, त्यामुळे डेटाचा डी ड्राइव्हसुद्धा अडकू शकतो.

हायबरनेशनची फाइल लिनक्समधूनच काढून टाकता येत नाही का?

एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरमध्ये तसा पर्याय आहे. तो वापरल्यास विंडोजने जतन केलेली अवस्था कायमची नष्ट होते, आणि पूर्ण हायबरनेट केलेले असेल तर त्यातले न साठवलेले कामही जाते. विंडोज अजिबात सुरू होत नसेल आणि फाइली वाचवायच्या असतील, तर आधी केवळ वाचण्यापुरता ड्राइव्ह माउंट करून त्या उतरवून घ्याव्यात. या पर्यायाची गरज त्यानंतर सहसा उरत नाही.

विंडोज पूर्ण बंद केले, तरीही ड्राइव्ह ‘डर्टी’ असल्याचे लिनक्स सांगते. आता काय?

वीज गेली किंवा बाहेरचा ड्राइव्ह ओढून काढला, की एनटीएफएसवर तपासणी बाकी असल्याची खूण राहते. लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये, एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर गाभ्यात आला; तो अशी खूण असलेला ड्राइव्ह जबरदस्ती केल्याशिवाय माउंट करत नाही. विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर ‘चेकडिस्क’ ही तपासणी दुरुस्तीच्या एफ पर्यायासह चालवावी. लिनक्समधील ‘एनटीएफएसफिक्स’ हे साधन काही किरकोळ विसंगती दूर करते आणि विंडोजने तपासणी करावी अशी नोंद ठेवते, पण ते चेकडिस्कची जागा घेऊ शकत नाही. त्याने ती खूण पुसली म्हणजे ड्राइव्ह दुरुस्त झाला, असे समजू नये.

लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्ह मुळीच दिसत नाही. तो कसा शोधावा आणि कायमचा कसा जोडावा?

टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही कमांड हायफन एफ या पर्यायासह द्यावी. तिचे उत्तर झाडाच्या फांद्यांसारखे येते: आधी डिस्कचे नाव, तिच्याखाली आत सरकवलेली पार्टिशन, आणि प्रत्येकासमोर फाइल सिस्टिम, लेबल, यूयूआयडी (पार्टिशनचे ओळखचिन्ह) आणि माउंट केले असल्यास त्याची जागा. शेवटचा रकाना रिकामा असलेली आणि फाइल सिस्टिमच्या रकान्यात एनटीएफएस असलेली ओळ तुम्ही शोधत आहात. यूयूआयडीच्या लांबीवरूनही ओळख पटते: ईएक्सटी ४ चा यूयूआयडी हायफनांसह ३६ चिन्हांचा असतो, एनटीएफएसचा सलग १६ चिन्हांचा, आणि फॅट किंवा एक्सफॅटचा मध्ये हायफन असलेल्या आठ चिन्हांचा.

एकदाच उघडायचे असेल तर ‘यूडिस्क्ससीटीएल माउंट’ या कमांडला हायफन बी आणि पार्टिशनचा मार्ग दिला, की पुरते. दर वेळी आपोआप उघडावा असे वाटत असेल, तर ईटीसी फोल्डरमधील एफएसटॅब या फाइलीत एक ओळ जोडावी लागते. तिच्यात पार्टिशन एसडीए किंवा एसडीबी अशा नावाने लिहू नये, कारण डिस्कचा क्रम बदलला की ही नावेही बदलू शकतात, यूयूआयडी लिहावा. एनटीएफएस आणि एक्सफॅटसाठी आपला वापरकर्ता क्रमांक यूआयडी या पर्यायातून द्यावा, नाहीतर ड्राइव्ह उघडतो पण त्याची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे राहते. उबुंटू व तत्सम प्रणालींत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो.

‘नोफेल’ हा पर्याय मात्र विसरू नये. तो नसताना ती डिस्क जागेवर नसली किंवा यूयूआयडीत एखादे अक्षर चुकले, तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) साधारणपणे ९० सेकंद वाट पाहते आणि नंतर संगणक आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर थांबतो. ओळ लिहिल्यावर संगणक लगेच बंद न करता ‘माउंट’ ही कमांड हायफन ए सह चालवून पाहावी. चूक असेल तर ती इथेच कळते. ड्राइव्ह माउंट होतो पण फाइल मॅनेजरच्या बाजूच्या पट्टीत येत नाही, अशी तक्रार असेल, तर त्याच ओळीत ‘एक्स-जीव्हीएफएस-शो’ हा पर्याय जोडावा.

लिनक्सला संगणकातली एसएसडीच दिसत नाही. ती खराब झाली आहे का?

विंडोज तिच्यावरून चालू होत असेल तर नाही. असे संगणक बायोसमध्ये इंटेलच्या रॅपिड स्टोरेज म्हणजे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या) पद्धतीवर ठेवलेले असू शकतात, आणि त्या पद्धतीत एनव्हीएमई डिस्क नियंत्रकाच्या आड राहिल्याने लिनक्सला दिसत नाही. सेटिंग एएचसीआयवर, म्हणजे डिस्क थेट दाखवणाऱ्या साध्या पद्धतीवर, आणावे लागते. पण ते थेट बदलल्यास विंडोज सुरू होताना निळा पडदा येण्याची शक्यता असते, म्हणून क्रम पाळावा: बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, सेफ मोडमध्ये एकदा पूर्ण सुरू होऊ द्यावे आणि मग सेफ मोड काढून नेहमीप्रमाणे सुरू करावे. सेफ मोडमध्ये विंडोज आवश्यक तो ड्रायव्हर चालू करून घेते. दोन डिस्क खरोखरच रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर हे सेटिंग बदलू नये.

ड्राइव्ह बिटलॉकरने बंद आहे. लिनक्समधून तो उघडेल का?

उघडेल, किल्ली असेल तर. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या साधनात २०२० मधील २.३.० या आवृत्तीपासून बिटलॉकर वाचण्याची सोय आहे, आणि नव्या प्रणालींत फाइल मॅनेजरमधून क्लिक केल्यावरही पासवर्ड विचारला जातो. विंडोजमध्ये तुम्हाला कधी पासवर्ड द्यावा लागत नसेल, तर याचे कारण संगणकातील टीपीएम चिप विंडोजला किल्ली परस्पर देते. लिनक्सला ती मिळत नाही, म्हणून तिथे ४८ अंकी रिकव्हरी की द्यावी लागते. वैयक्तिक संगणकांवर ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कुठेही नसेल तर कोणतेही साधन उपयोगी पडत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रॅमवर पैसे खर्च करू नयेत.

उलट दिशेने, लक्स या लिनक्सच्या पद्धतीने एनक्रिप्ट केलेले पार्टिशन विंडोज स्वतःहून उघडू शकत नाही.

दुसऱ्या विंडोजचा ड्राइव्ह उघडतो, पण काही फोल्डरना परवानगी नाकारली जाते. का?

एनटीएफएसवरील परवानग्या वापरकर्त्याच्या नावावर नव्हे, तर त्याच्या अंतर्गत सुरक्षा क्रमांकावर अवलंबून असतात. दोन्ही विंडोजमध्ये नाव एकच असले तरी क्रमांक वेगळे असतात. आपल्या दस्तऐवजांच्या फोल्डरपुरती परवानगी घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या विंडोजच्या संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी कधीही आपल्याकडे घेऊ नये. तसे केल्यास तिकडचे विंडोज नीट चालणार नाही. फाइलींच्या चिन्हावर कुलूप दिसत असेल, तर त्या विंडोजच्याच ईएफएस पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या आहेत आणि मूळ खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय उघडणार नाहीत.

ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशनही उघडून ठेवावीत का?

नाही. ती मुद्दाम दडवलेली आहेत. ईएफआय पार्टिशनमध्ये दोन्ही प्रणालींचे बूटलोडर शेजारीशेजारी राहतात, आणि तिथली एखादी फाइल चुकून पुसली गेली तर दोन्ही प्रणाली सुरू होणे थांबू शकते.

पार्टिशनच नाहीसे झाले असून त्या जागी मोकळी जागा दिसते. डेटा परत मिळेल का?

पार्टिशनची केवळ नोंद पुसली गेली असेल, तर शक्यता चांगली असते. त्या मोकळ्या जागेवर नवे पार्टिशन तयार करू नये, फॉरमॅट करू नये आणि त्या डिस्कवरून चालणारी प्रणालीही शक्यतो वापरू नये. पेन ड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्समधून संगणक सुरू करावा आणि शक्य असल्यास ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग त्या प्रतीवर ‘टेस्टडिस्क’ चालवावे. ते फाइल सिस्टिमच्या खुणा शोधून जुन्या पार्टिशनच्या सीमा दाखवते आणि नोंद लिहिण्यापूर्वी आतल्या फाइलींची यादीही पाहू देते. ती यादी ओळखीची वाटली तरच नोंद लिहावी. जीपीटी डिस्कवर पार्टिशनच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे सुरुवातीची नोंद बिघडली असल्यास ‘जीडिस्क’ या साधनाने तिच्यावरून ती परत आणता येते. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर यातले काहीही न करता ती बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे द्यावी.

दोन्ही प्रणालींना सारखाच दिसेल असा ड्राइव्ह कसा ठेवावा?

डेटासाठी स्वतंत्र पार्टिशन करणे हा मला सर्वांत पटणारा मार्ग आहे, कारण त्यामुळे एका प्रणालीने दुसऱ्या प्रणालीच्या मूळ ड्राइव्हमध्ये शिरण्याची गरजच उरत नाही. फॅट ३२ आता नको, कारण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही आणि लिनक्सच्या गाभ्यात तिला २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून स्थान मिळाले, पण तिच्यात जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नाही. लिहिताना वीज गेली तर नुकसानीचा धोका अधिक. संगणकाच्या आतल्या कायमच्या पार्टिशनसाठी म्हणून एनटीएफएस बरी, आणि मॅकसह अनेक उपकरणांत फिरणाऱ्या बाहेरच्या ड्राइव्हसाठी एक्सफॅट बरी. मॅकओएस एनटीएफएस वाचते, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही.

नावांचीही काळजी घ्यावी. लिनक्स फाइलीच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालवून घेते, विंडोजला ते चालत नाही आणि अशी फाइल तिकडे उघडत नाही. माउंट करताना ‘विंडोज नेम्स’ हा पर्याय दिल्यास लिनक्स अशी नावे मुळातच नाकारते.

एखादा ड्राइव्ह मुद्दाम दुसऱ्या प्रणालीपासून दूर ठेवायचा असेल तर?

विंडोजमध्ये त्याचे अक्षर काढून टाकावे, आणि लिनक्समध्ये एफएसटॅबच्या ओळीत ‘नोऑटो’ व ‘एक्स-जीव्हीएफएस-हाइड’ हे पर्याय द्यावेत. घरातल्या दुसऱ्या कोणाकडून चुकून फॉरमॅट होऊ नये, यासाठी एवढे पुरेसे आहे. परंतु प्रशासकाचे अधिकार असलेली किंवा लाइव्ह पेन ड्राइव्हने संगणक सुरू करणारी कोणतीही व्यक्ती असा ड्राइव्ह काही मिनिटांत उघडू शकते. मजकूर खरोखर खासगी असेल तर विंडोजच्या ड्राइव्हवर बिटलॉकर आणि लिनक्सच्या ड्राइव्हवर लक्स वापरावे, आणि त्यांच्या किल्ल्या त्याच संगणकावर ठेवू नयेत.